सेव्य जागा, सेवक जागा : फिलाडेल्फियाच्या एका संशोधन इमारतीचा इतिहास

विद्यापीठाने आरोग्यसंशोधनासाठी इमारत बांधायची ठरवली की अलीकडे दोन शब्द हटकून ऐकू येतात : सहकार्य आणि स्वास्थ्य. वेगवेगळ्या विषयांच्या शास्त्रज्ञांची जाता-येता गाठ पडावी म्हणून रुंद जिने काढायचे, मधोमध चहाची जागा ठेवायची, भिंती कमी करून काचा वाढवायच्या, सर्वांना सूर्यप्रकाश मिळेल असे पाहायचे. हा विचार वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि तो नवाही नाही. १९५७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकीय संशोधनाच्या इमारतीचे काम लुई कान या वास्तुशिल्पीकडे सोपवले, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याने दिलेले उत्तर जगभर गाजले आणि आपल्याकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनाही ते परिचित आहे. परंतु या इमारतीचा इतिहास नेहमी तिच्या भिंतींच्या आतला सांगितला जातो. सहकार्य कोणाचे आणि स्वास्थ्य कोणाचे, हा प्रश्न विचारला की तो इतिहास भिंतींबाहेर, त्याच शहराच्या काळ्या वस्त्यांत जाऊन पोहोचतो.

प्रथम इमारतीकडे पाहू. कान १९०१ साली एस्टोनियातील एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मला आणि लहानपणीच आईबापांबरोबर फिलाडेल्फियात आला. पन्नाशी गाठेपर्यंत त्याच्या हातून नाव घ्यावे असे मोठे काम झाले नव्हते. आपण त्याला अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या विटांमुळे ओळखतो. १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतत असतानाच न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर त्याचा अंत झाला. फिलाडेल्फियाच्या या इमारतीला आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स या औषधशास्त्रज्ञाचे नाव आहे. मूत्रपिंडाचे कार्य कसे चालते यावरचे त्याचे संशोधन प्रसिद्ध आहे.

त्या काळची प्रयोगशाळा म्हणजे लांबच लांब बोळ आणि दुतर्फा खोल्या. ज्याची त्याची खोली, ज्याचे त्याचे दार. कानने हा बोळच काढून टाकला. शास्त्रज्ञ हा एक प्रकारे कलावंत आहे, त्याची प्रयोगशाळा म्हणजे चित्रकाराची कार्यशाळा, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याने आठ मजली तीन मनोरे कल्पिले. प्रत्येक मनोऱ्याचा प्रत्येक मजला म्हणजे ४५ फूट लांबरुंद असा एकच चौक. मध्ये एकही खांब नाही. खांब कोपऱ्यांतही नाहीत, प्रत्येक बाजूला दोन असे आठ. त्यामुळे चारही कोपरे मोकळे आणि काचेचे. एका मजल्यावर एक गट काम करील, सगळे एकमेकांना दिसतील, आणि काचेतून शेजारच्या मनोऱ्यातले सहकारीही दिसतील. ऑगस्ट कोमेंडंट या स्थापत्य अभियंत्याने कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तुकडे जागेवर आणून, आतल्या पोलादी तारांना ताण देऊन ते घट्ट जोडले. तुळया भरीव ठेवल्या नाहीत, त्यांत मोठी भोके ठेवली. त्या भोकांतून पाणी, वायू आणि विजेचे नळ जातात आणि वर पाहिले की ते उघडे दिसतात.

हवेचा विचार तर फारच बारकाईने केला होता. प्रयोगशाळेत विषारी वाफा असतात, रोगजंतू असतात, जनावरे असतात. आत घ्यायची हवा आणि बाहेर टाकायची हवा यांचा एकमेकींशी संबंध येता कामा नये, हे कानने आराखड्याचे सूत्रच केले. तीन मनोऱ्यांच्या मधोमध चौथा मनोरा उभा केला. त्याच्या पायथ्याशी ताजी हवा आत ओढली जाते. त्यातच उद्वाहने आणि प्रयोगाच्या जनावरांची जागा. आणि प्रत्येक प्रयोगशाळेच्या बाहेरच्या अंगाला विटांची उंच धुराडी, काहींत जिने आणि काहींतून वापरलेली हवा छपराच्याही वर नेऊन सोडलेली.

या विभागणीला कान जे नाव देत असे त्याचे मराठी भाषांतर करायचे तर सेव्य जागा आणि सेवक जागा असेच करावे लागेल. माणूस जेथे काम करतो, विचार करतो ती सेव्य जागा. तिला हवा, पाणी, वीज, चढउतार पुरवणारी ती सेवक जागा. हे शब्द वाचून आपल्या मनात जे उभे राहते ते कानच्या मनात नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तो नळांबद्दल आणि जिन्यांबद्दल बोलत होता. एवढेच काय, सेवकाला त्याने असा मान दिला की जो आपल्या वाडासंस्कृतीत कधी कोणी दिला नाही. आपल्याकडे सेवेचा रस्ता मागच्या अंगणातून, भंग्याच्या बोळातून. कानने सेवक जागा दर्शनी बाजूला आणली आणि सेव्य जागेपेक्षा उंच केली. रस्त्यावरून दिसतात ती विटांची धुराडीच. शास्त्रज्ञांच्या काचा त्यांच्यामागे दबून राहतात. विद्वानांनी या गोष्टीचे भरभरून कौतुक केले. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या एकाच इमारतीचे प्रदर्शन भरवले.

मात्र मान मिळाला तो सेवक जागेला. सेवा करणाऱ्या माणसाचे काय? वैद्यकीय प्रयोगशाळा पिंजरे साफ करणाऱ्या, काचेची भांडी धुणाऱ्या, कचरा जाळणाऱ्या आणि रात्री फरशी पुसणाऱ्या हातांवर चालते. इमारतीवरच्या कौतुकाच्या लेखनात वाफेचा मार्ग बारीकसारीक तपशिलाने सांगितलेला असतो, आणि हे हात मात्र शोधावे लागतात. सहकार्य हा शब्द ज्या अर्थाने तेथे वापरला गेला, त्या अर्थात ते बसत नव्हते.

ज्यांच्यासाठी सारे केले ते शास्त्रज्ञ तरी सुखी झाले काय? नाही झाले. मोकळ्या कोपऱ्यांतून ऊन थेट टेबलांवर येऊ लागले. खर्चात काटछाट झालेली. ऊन अडवण्याची सोय अपुरी. शास्त्रज्ञांनी काचांना आतून कागद आणि चांदीच्या रंगाचे वर्ख चिकटवले. उघड्या नळांवर धूळ बसू लागली, आणि जंतूंचे काम करणाऱ्याला धूळ म्हणजे शत्रू. चौक मोकळा ठेवला होता तो सहकार्यासाठी. त्यात लोकांनी पडद्या घातल्या, कपाटे आडवी लावली, आपापले कोपरे करून घेतले. जागाही कमी पडू लागली. वास्तुशिल्पाच्या इतिहासात गाजलेली ही इमारत तिच्यात काम करणारांच्या तक्रारींसाठीही तितकीच गाजली. मला यात कानची फजिती दिसत नाही. माणसे एकत्र काम करतील की नाही हे चौकाच्या मापावर ठरत नाही. संशोधनाचा पैसा कोणाच्या नावाने येतो, निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, जागा कोण वाटतो यावर ते ठरते. हे वास्तुशिल्पीच्या हातात नसते.

यातून कान काही शिकला. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क १९५९ च्या अखेरीस ही इमारत पाहायला आले आणि कॅलिफोर्नियात समुद्रकाठी आपली संशोधन संस्था बांधायला त्यांनी कानलाच बोलावले. तेथे मनोरे गेले, लांब मोकळे दालन आले, आणि प्रत्येक प्रयोगशाळेच्या डोक्यावर फक्त नळांसाठी नऊ फूट उंचीचा पूर्ण मजला आला. दुरुस्ती करणारा कामगार तेथे ताठ उभा राहून काम करू शकतो. पण या सुधारणेचे कारण असे सांगितले जाते की त्याच्या कामाने खालच्या शास्त्रज्ञाला व्यत्यय येऊ नये. सेवकाला उंची मिळाली आणि त्याच क्षणी तो दृष्टीआड गेला. ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

आता भिंतींबाहेर येऊ. त्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते, कारण याच विद्यापीठाने आरोग्याचे एक मोठे संशोधन इमारतीवाचून करून घेतले होते. १८९६ साली हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेला एक काळा तरुण, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, विद्यापीठाने शहरातील काळ्यांची पाहणी करायला नेमला. नेमणूक तात्पुरती. शिकवायला वर्ग नाही, बसायला खोली नाही, विद्यापीठाच्या नामावलीत नावही नाही, असे त्याने पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवले आहे. पत्नीसह तो सातव्या वॉर्डात, वस्तीतच राहिला. सातव्या वॉर्डात ९,६७५ काळी माणसे राहत होती. त्याने घरोघर जाऊन प्रश्न विचारले. 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा त्याचा ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

त्या काळी गोऱ्या पंडितांचे मत असे की काळ्यांमध्ये क्षय आणि बालमृत्यू अधिक, कारण त्यांचे रक्तच दुबळे. हा वंश आपोआप नष्ट होणार. ड्यू बॉइसने रक्त तपासले नाही, घरे मोजली. २,४४१ कुटुंबांपैकी केवळ ३३४ कुटुंबांना न्हाणीघर आणि शौचकूप यांची सोय होती. खोल्या कोंदट, भाडे जास्त, कामे हलकी आणि अनिश्चित. मृत्यूचे प्रमाण अधिक आहे हे त्याने नाकारले नाही. त्याचे कारण वंश नसून राहणीची स्थिती आहे हे त्याने दाखवले. एका अर्थी विद्यापीठाला उत्तर हातात मिळाले होते. काळ्यांचे आरोग्य सुधारायचे तर घर सुधारा.

यानंतर जे घडले त्यातला एक छोटा प्रसंग विसरता कामा नये. सातव्या वॉर्डाच्या पूर्वेच्या टोकाला, सातवा रस्ता आणि लोम्बार्ड रस्ता जेथे मिळतात तेथे, १९१३ साली क्षयरोगाच्या संशोधनासाठी हेन्री फिप्स संस्थेची इमारत उभी राहिली. ही संस्था विद्यापीठाशी जोडलेली होती. चहूकडे काळी वस्ती आणि काळ्यांत क्षय अधिक. तरी काळे रोगी दवाखान्यात फारसे येत नसत. इमारत दारात असून दार आपले वाटत नव्हते. १९१४ साली एलिझाबेथ टायलर या काळ्या परिचारिकेची नेमणूक झाली. ती घरोघर हिंडू लागली. पुढच्या वर्षी हेन्री मिंटन हे काळे डॉक्टर दवाखान्यात आले आणि रोगी येऊ लागले. आराखड्यात एक रेघही बदलली नव्हती. माझ्या मते, विद्यापीठाच्या आरोग्यसंशोधनात सहकार्य म्हणजे काय याचे फिलाडेल्फियातील उत्तम उदाहरण हेच आहे, आणि ते वास्तुशिल्पाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

१८९६ हे साल मराठी वाचकाच्याही ओळखीचे आहे. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम सुरू केले. १८९८ साली शहर निरोगी करण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून त्याने रुंद रस्ते काढले, पण उठवलेल्या गरिबांच्या मानाने बांधलेल्या खोल्या अपुऱ्या पडल्या. १८९९ साली हाफकिनच्या प्रयोगशाळेला परळचा जुना गव्हर्नर बंगला मिळाला. त्याच परळमध्ये ट्रस्टच्या चाळीत पुढे बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. संशोधनाला राजवाडा आणि ज्यांच्या आरोग्यासाठी संशोधन त्यांना चाळ, ही वाटणी दोन्ही शहरांत सारखीच. बाबासाहेब आणि ड्यू बॉइस यांचा पत्रव्यवहार १९४६ साली झाला. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागवल्या होत्या. अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती सारखी आहे हे त्यांनी पत्रात लिहिले. त्या सारखेपणात घराचा प्रश्न किती मोठा होता हे परळ आणि सातवा वॉर्ड शेजारी ठेवले की कळते.

आता पुन्हा १९५९ वर येऊ. कानचे मनोरे उभे राहत होते त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने शेजारच्या संस्थांना घेऊन वेस्ट फिलाडेल्फिया कॉर्पोरेशन नावाचे मंडळ स्थापन केले. विद्यापीठाभोवतीचा परिसर 'सुधारणे' हा त्याचा हेतू. १९६३ साली विद्यापीठे आणि रुग्णालये यांचे मिळून संशोधन व्हावे म्हणून सायन्स सेंटर निघाले. त्याला जागा हवी होती. कानच्या मनोऱ्यांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर ब्लॅक बॉटम ही काळ्या कामगारांची वस्ती होती. शहराच्या पुनर्विकास खात्याच्या कागदांत तिला नाव नव्हते, क्रमांक होता : तिसरा विभाग. मोडकळीस आलेली वस्ती असा शिक्का मारून ती घेण्यात आली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरे पाडली गेली. सुमारे २,६०० माणसे उठली, त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक काळी होती. ज्या विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने काळ्यांच्या रोगाचे मूळ घरात आहे असे सांगितले, त्याच विद्यापीठाने पुढाकार घेतलेल्या योजनेत काळ्यांची घरे पाडली गेली, आणि तीही संशोधनासाठी.

येथे नेमकेपणा राखला पाहिजे. रिचर्ड्स इमारतीसाठी ही घरे पाडली नाहीत. ती विद्यापीठाच्या जुन्या आवारातच उभी आहे. पण सहकार्याची कल्पना एका इमारतीतून निघून एका संपूर्ण भागाला लागू झाली, तेव्हा तिचे खरे रूप दिसले. विद्यापीठ, रुग्णालय आणि कंपनी यांनी एकमेकांना भेटावे म्हणून त्या भागात आधीपासून एकमेकांना भेटणारी माणसे उठवली गेली.

विद्यार्थी गप्प राहिले नाहीत. १९६९ च्या फेब्रुवारीत त्यांनी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत सहा दिवस ठिय्या दिला. वस्तीतले कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. सायन्स सेंटरमध्ये लष्करी संशोधन नको आणि उठवलेल्यांना घरे हवीत, या मागण्या. विश्वस्त वाटाघाटींना आले. विश्वस्त, प्राध्यापक, विद्यार्थी आणि वस्तीतले लोक असा चार पक्षांचा आयोग नेमायचे ठरले. घरांसाठी निधी उभारण्याचे आश्वासन मिळाले. निधी उभा राहिला नाही, आयोग विरून गेला. तरी आयोगाची ती रचना लक्षात ठेवावी अशी आहे. संशोधनाच्या जागेबाबत वस्तीला टेबलाशी खुर्ची देण्याचे तेथे कागदोपत्री तरी मान्य झाले होते. ही खुर्ची कोणत्याही वास्तुशिल्पीने काढली नव्हती.

आणखी एक जागा राहिली. तिला संशोधनाची इमारत कोणी म्हणत नसे, पण ती तशी वापरली जात होती. १९५१ ते १९७४ या काळात शहराच्या होम्सबर्ग तुरुंगात याच विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांवर प्रयोग केले. सौंदर्यप्रसाधने, औषधे, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये. कैदी बहुसंख्येने काळे. कित्येकांवर खटला अजून चालायचा होता. मोबदला काही डॉलर. रिचर्ड्सच्या मनोऱ्यांत शास्त्रज्ञाच्या श्वासात वापरलेली हवा येऊ नये याची काळजी घेतली जात होती, त्याच वर्षांत त्याच शहरात हे चालू होते. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये आणि शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. ड्यू बॉइसला विद्यापीठाने मानद प्राध्यापक केले ते २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी.

रिचर्ड्स इमारतीला २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पुढे तिच्यातल्या ओल्या प्रयोगशाळा हलवून मेंदूविज्ञानाचे, संगणकावर चालणारे काम तेथे आणले गेले, काचा सुधारल्या गेल्या, आणि मोकळ्या चौकात आता माणसे बरी बसतात असे म्हणतात. धूळ आणि विषारी वाफ यांचा प्रश्नच उरला नाही. साठ वर्षांनी इमारतीला तिच्या जोगे काम मिळाले.

ब्लॅक बॉटमच्या जागेवर १९७० च्या दशकाच्या आरंभी एक शाळा बांधली होती. मूळ बेत विज्ञानाच्या खास शाळेचा होता. प्रत्यक्षात ती आसपासच्या गरीब काळ्या मुलांची साधी शाळा झाली. २०१३ मध्ये शहराने ती बंद केली. ड्रेक्सेल विद्यापीठाने जागा घेतली, २०१५ मध्ये इमारत पाडली गेली. २०२१ मध्ये त्या जमिनीच्या एका भागावर नवी सार्वजनिक शाळा उघडली, हेही सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये तेथेच ड्रेक्सेलची आरोग्यविज्ञानाची उंच इमारत उघडली, आणि भोवती प्रयोगशाळांचे काचेचे मजले चढले. ब्लॅक बॉटमचे जुने रहिवासी, त्यांची मुले आणि नातवंडे वर्षातून एकदा, ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी, शहराच्या फेअरमाउंट पार्कमध्ये जमतात.